ओसरीवरचे दोघे

दिवाळीला पंधरा दिवस राहिले की माळ्यावरची भांडी खाली उतरतात. पितळेची परात, तांब्याचा हंडा, आजीच्या वेळची लोखंडी कढई, लक्ष्मीपूजनाचे चांदीचे निरांजन. चिंच-मीठ लावून भांडी घासली, ती लखलखू लागली, की मग घराला दिवाळीची कळा येते. स्टीलच्या डब्यांना एवढे कौतुक लाभत नाही. पण त्यांच्यातही लोखंडाच्या जोडीला क्रोमियम असते आणि पुष्कळदा निकेलही असते. म्हणजे आपले सबंध स्वयंपाकघर मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतल्या मधल्या पट्ट्यातून आलेले आहे. या पट्ट्यातल्या धातूंना संक्रमण धातू म्हणतात.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे सांगायला आजीला शाळेत जावे लागले नाही. कळकते म्हणजे काय होते? ताकाचा आंबटपणा आणि हवेतला प्राणवायू यांच्या संगनमताने पितळेतले तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि ताकात उतरतात. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अशा अणूला आयन म्हणायचे. आता प्रश्न असा, की अणूजवळ पुष्कळ इलेक्ट्रॉन असताना त्यातले नेमके कोणते जातात?

ऐन दिवाळीत हे कसले कोडे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. ज्या घरात अकरावी-बारावीचे मूल आहे, त्या घरात हे कोडे वर्षातून एकदा तरी जेवणाच्या टेबलापर्यंत येतेच. आणि ज्या घरात असे मूल नाही, त्या घरातल्या माणसांच्या रक्तातही लोह आहेच. ते लोह नीट वागते की नाही, हे याच कोड्यावर अवलंबून आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी यंदा बारावीला आहे. परवा ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘काका, लोखंडाचा अणू भरताना ४एस आधी भरायचं आणि ३डी नंतर. मग आयन करताना ४एसमधले आधी का काढायचे? शेवटी आलेला आधी जायला हवा ना?’ हाच प्रश्न तिने क्लासमध्ये विचारला होता. तिथे उत्तर मिळाले, ‘तो नियम आहे. पाठ कर, दोन मार्क कुठे जात नाहीत.’

मार्क जात नाहीत हे खरे. पण प्रश्न विचारण्याची हौस जाते, त्याचे काय? मुलीचा प्रश्न अगदी चोख होता. एकमेकांविरुद्ध दिसणारे दोन नियम कोणी पुढे टाकले, तर विचार करणाऱ्या माणसाने थबकलेच पाहिजे. उत्तरही तितकेच चोख आहे, आणि ते समजायला फार गणित लागत नाही.

अणू म्हणजे एक जुना वाडा आहे असे समजू. मध्यभागी देवघर, ते केंद्रक. त्यात जितके प्रोटॉन, तितका त्या अणूचा अणुक्रमांक. भोवती खोल्या, आणि खोल्यांतून राहणारी मंडळी म्हणजे इलेक्ट्रॉन. खोल्यांचे प्रकार चार: एस, पी, डी आणि एफ. जुन्या वर्णपटशास्त्रज्ञांनी वर्णपटातल्या रेषांना शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज आणि फंडामेंटल अशी नावे दिली होती, त्यांची ही आद्याक्षरे. एसमध्ये दोघांची सोय, पीमध्ये सहांची, डीमध्ये दहांची आणि एफमध्ये चौदांची. यापेक्षा जास्त माणसे का मावत नाहीत, याचे कारण वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली सांगितले: अणूतले कोणतेही दोन इलेक्ट्रॉन सर्व बाबतींत एकाच स्थितीत असू शकत नाहीत. खोलीच्या नावाआधीचा आकडा म्हणजे ती खोली वाड्याच्या कितव्या फेरीत आहे ते. ३डी म्हणजे तिसऱ्या फेरीतली डी खोली, आणि ४एस म्हणजे चौथ्या फेरीतली एस खोली.

आर्गॉन या वायूपर्यंत १८ इलेक्ट्रॉन होतात. तिथवर सगळे सरळ आहे. खोल्या आतून बाहेर भरत येतात. एकोणिसावे मूलद्रव्य पोटॅशियम. त्याचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या फेरीतल्या रिकाम्या डीमध्ये जाईल असे वाटते, पण तो जातो ४एसमध्ये. विसाव्या कॅल्शियमचा विसावाही तिथेच जातो. एकविसाव्या स्कँडियमपासून ३डीमध्ये माणसे दिसू लागतात, आणि तिसाव्या जस्तापाशी ती खोली दहाजणांनी भरलेली असते. हा क्रम लक्षात राहावा म्हणून पाठ्यपुस्तकांत तिरप्या बाणांची एक आकृती असते. तिच्यामागचा नियम एर्विन माडेलुंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १९३६ साली छापला.

घोटाळा होतो तो या आकृतीपाशीच. बाणांमागून बोट फिरवताना असे वाटते, की वाडा एकच आहे आणि त्यात एकेक पाहुणा येऊन बसतो आहे. पण तसे नाही. पोटॅशियमपासून कॅल्शियमकडे आणि कॅल्शियमपासून स्कँडियमकडे जाताना आपण दर वेळी नव्या वाड्यात पाऊल टाकतो. इलेक्ट्रॉन एक वाढला, तसा देवघरातला प्रोटॉनही एक वाढला. आयन करताना मात्र देवघर तेच राहते, फक्त माणसे उठून जातात. एका आळीतले वाडे ओळीने पाहणे वेगळे, आणि एकाच वाड्यातली माणसे उठताना पाहणे वेगळे. पहिल्याचा क्रम उलटा वाचला की दुसऱ्याचा क्रम मिळेल, असे मानायला काही आधार नाही.

आता स्कँडियमच्या वाड्यात शिरू. पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्या केंद्रकाची ओढ ३डीसाठी अपुरी पडते, म्हणून तिथे ४एस स्वस्त आणि ३डी महाग. पण स्कँडियमपाशी ओढ इतकी वाढते, की ३डी एकदम आत खेचली जाते. जी खोली बाहेर लांब होती, ती देवघराला लागून असलेले माजघर होते. आणि ४एस राहते बाहेरची ओसरी. समजा, स्कँडियमचे तीन इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि नुसते आर्गॉनसारखे १८ ठेवले. आता एकेक परत देऊ. पहिला परतणारा कुठे जाईल? तिरप्या बाणांप्रमाणे ४एसमध्ये जायला हवा. वर्णपटाची साक्ष मात्र वेगळी आहे: तो जातो ३डीमध्ये. दुसरा येतो तो ४एसमध्ये, आणि तिसराही ४एसमध्ये.

म्हणजे स्कँडियमपुरते पाहिले तर शेवटी आलेले दोघे ओसरीवर बसलेले आहेत, आणि उठायची वेळ आली की तेच आधी उठतात. शेवटी आलेला आधी गेला! मुलीने गृहीत धरलेला नियम मुळी मोडलेलाच नव्हता. कोण शेवटी आला, एवढेच तिला चुकीचे सांगितले गेले होते.

इथे कोणी विचारील, माजघर इतके जवळचे आणि सोयीचे, तर तिघेही तिथेच का गेले नाहीत? कारण माजघर अंगाने लहान आहे. इलेक्ट्रॉन सगळे ऋणभाराचे, त्यांचे एकमेकांशी पटत नाही. लहान खोलीत गर्दी झाली की कुरबूर वाढते. ओसरी देवघरापासून लांब खरी, पण ऐसपैस आहे. माजघरातली दाटी सोसण्यापेक्षा दोघांनी ओसरीवर बसणे वाड्याला एकंदरीत परवडते. आणि जायची वेळ आली की आधी कोण उठणार? ओसरीवरचेच. चपला तिथेच असतात! ते दोघे गेले की उरलेल्यांवर केंद्रकाची ओढ आणखी घट्ट बसते आणि माजघर अधिकच खाली, अधिक सुरक्षित होते. म्हणून स्कँडियमपासून जस्तापर्यंत कोणाचेही दोन इलेक्ट्रॉन काढा, मागे ओसरी रिकामी आणि जे उरले ते सगळे माजघरात, असेच दिसते.

दृष्टांताला मर्यादा असते, तीही सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉन पाटावर बसलेल्या माणसासारखा एका जागी नसतो; तो ढगासारखा पसरलेला असतो. आणि सगळे इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे, त्यांना नावे नाहीत. ‘हा आधी आलेला, तो मागून आलेला’ अशी खूण कोणाच्या कपाळावर नसते. अणू प्रत्येक वेळी एवढेच पाहतो, की आता जितके इलेक्ट्रॉन आहेत, ते कसे बसले तर एकूण ऊर्जा कमीत कमी राहील.

हे एकदा पटले की आयनाची मांडणी काढणे म्हणजे बाजारहाटाच्या हिशेबाइतके सोपे. अणुक्रमांकातून १८ वजा करा, आयनावर जितका धनभार असेल तोही वजा करा. जे उरेल ते सगळे ३डीमध्ये. लोखंडाचा अणुक्रमांक २६. दोन धनभारांचा आयन म्हणजे फेरस: २६ वजा १८ वजा २, उरले ६. तीन धनभारांचा म्हणजे फेरिक: उरले ५. तांबे २९, दोन धनभार: उरले ९. निकेल २८, दोन धनभार: ८. कोबाल्ट २७, दोन धनभार: ७.

क्रोमियम आणि तांबे हे दोन अपवाद मुलांना फार छळतात. त्यांच्या उदासीन अणूत ओसरीवर दोघांऐवजी एकच असतो. क्रोमियमच्या माजघरात पाच आणि तांब्याच्या दहा. अर्धी भरलेली किंवा पूर्ण भरलेली खोली अधिक सुखी, असे पुस्तकात कारण असते. त्यात तथ्य आहे. पण तो वज्रलेप नियम नव्हे. क्रोमियमच्याच स्तंभात खाली टंगस्टन आहे, तो आपले चार डीमध्ये आणि दोन एसमध्ये ठेवतो. आपल्या वजाबाकीचा गुण असा, की तिला या अपवादांची आठवणसुद्धा लागत नाही. क्रोमियम २४, तीन धनभार: उरले ३. ओसरीवर आधी एक होता की दोन, आता ती रिकामी झाल्यावर विचारतो कोण?

शेजारच्या मुलीने हा हिशेब ऐकला आणि दहा मिनिटांत पानभर आयन सोडवले. पण पुढे तिने जे विचारले त्याचे मला अधिक कौतुक वाटले: ‘पण हे खरं कशावरून?’

त्याची साक्ष लोहचुंबक देतो. खोलीत एकटा राहिलेला इलेक्ट्रॉन हा स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. जोडी जमली की दोघांचे चुंबकत्व एकमेकांना मारून टाकते. खोलीत जागा असेल तोवर इलेक्ट्रॉन एकेकटे पसरून राहतात, हा फ्रिड्रिख हुंड यांचा नियम. तेव्हा पदार्थ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगून त्याच्या वजनात किती फरक दिसतो ते मोजले, की एकटे किती हे कळते. एकट्यांच्या संख्येत दोन मिळवायचे, त्या बेरजेने मूळ संख्येला गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. येणारे उत्तर बोर मॅग्नेटॉन या मापात असते.

मँगनीजचा अणुक्रमांक २५. त्याच्या दोन धनभारांच्या आयनात ३डीमध्ये पाच उरतात, पाचही एकटे. पाच गुणिले सात म्हणजे पस्तीस, वर्गमूळ ५.९२. उलट ओसरीवरचे ठेवून माजघरातले दोन काढले असते, तर एकटे राहिले असते तीनच, आणि वर्गमूळ आले असते ३.८७. मँगनीजच्या साध्या क्षारांचे मोजमाप ५.९ च्या आसपास येते. निकाल लागला! या शास्त्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. शांतिस्वरूप भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ साली असे चुंबकत्व मोजण्यासाठी एक तराजू बनवला, आणि १९३५ साली चुंबकीय रसायनावर दोघांचा ग्रंथही निघाला.

दुसरी साक्ष रंगांची. डी खोलीत काही जागा भरलेल्या आणि काही रिकाम्या असल्या, की इलेक्ट्रॉनांना प्रकाशातला थोडा भाग घेऊन इकडून तिकडे उडी मारता येते. जो प्रकाश उरतो तो आपल्याला रंग म्हणून दिसतो. द्राक्षबागांवर फवारण्याच्या बोर्डो मिश्रणात पडणारा मोरचूद निळा, कारण तांब्याच्या आयनात ३डीच्या दहा जागांपैकी नऊच भरलेल्या. हाच मोरचूद तापवून त्यातले पाणी घालवले की तो पांढरा पडतो. इलेक्ट्रॉन नऊचे नऊच असतात, पण भोवतालची शेजारमंडळी बदलली की उडीची उंची बदलते. हिराकस ताजा असताना हिरवट, हवेत राहिला की पिवळट-तपकिरी होतो; एक इलेक्ट्रॉन गेला, फेरसचा फेरिक झाला.

जस्ताकडे पाहा. ३० वजा १८ वजा २, उरले १०. माजघर गच्च, उडी मारायला जागाच नाही. म्हणून जस्ताचे साधे क्षार पांढरे, आणि चुंबकाकडे त्यांची ओढही नाही. जस्ताचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ९०६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला १७३३. आणि तिसरा माजघरातून ओढायचा तर ३८३३! जस्त दोनावर का थांबते, ते या आकड्यांत दिसते. उन्हाळी पुरळावर लावायच्या कॅलामाइनमध्ये हेच पांढरे झिंक ऑक्साइड असते. त्याचा गुलाबीपणा त्यात मिसळलेल्या चिमूटभर लोहाच्या ऑक्साइडचा.

आणि पूर्वी विहिरीत टाकत ते जांभळे पोटॅशियम परमँगनेट? त्यात मँगनीजचा हिशेबी धनभार सात. २५ वजा १८ वजा ७, उरले शून्य. माजघरात कोणीही नाही, तरी एवढा गडद रंग! तिथे शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या रिकाम्या माजघराकडे झेप घेतो. रिकाम्या घराचेही आकर्षण असते म्हणायचे.

आता रक्ताकडे येतो, कारण या हिशेबात एकाची चूक तिथे फार महाग पडते. हिमोग्लोबिनमधले लोह फेरस रूपात, सहा इलेक्ट्रॉनांचे असते, तेव्हाच ते फुप्फुसातला प्राणवायू उचलते. ओसरीवरचे दोघे आधीच गेलेले; आता माजघरातला आणखी एक गेला की ते फेरिक होते, पाचांचे, आणि प्राणवायू उचलीनासे होते. अशा हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. आपल्या शरीरात थोडेसे असे रोज बनते आणि रक्तातली वितंचके ते परत ताळ्यावर आणतात. पण विहिरीच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यात खतांचे नायट्रेट फार उतरले, आणि ते पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या बाळाच्या पोटात गेले, तर त्या इवल्या जिवाला हा भार झेपत नाही. बाळ निळे पडते. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, हेही घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. रुग्णालयात यावर मिथिलीन ब्लू देतात. त्याचे काम एवढेच, की गेलेला एक इलेक्ट्रॉन लोहाला परत मिळवून देणे.

रोजच्या ताटातही हाच हिशेब आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक, पण लोहाची कमतरता हे मोठे कारण. भाजी-धान्यातले लोह बरेचसे फेरिक रूपात असते आणि आतड्याच्या दारातून सहज आत शिरते ते फेरस. लिंबाच्या किंवा आवळ्याच्या क जीवनसत्त्वाने हे रूपांतर सुकर होते. पालेभाजीवर, पोह्यांवर लिंबू पिळायची आपल्या घरातली चाल म्हणूनच शहाणपणाची. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळाभोर रंग होतो, त्याच जातीची ही धरपकड. तेव्हा घरातल्या बायकांनी सगळ्यांची ताटे झाल्यावर उभ्या उभ्या जेवून त्यावर चहा घेण्याची रीत आता सोडावी, आणि लिंबाची पहिली फोड स्वतःच्या ताटात घ्यावी.

सहा आणि पाच यांत फरक एकाचा. वहीत तो चुकला तर दोन मार्क जातात. रक्तात चुकला तर श्वास अडतो. ज्या विषयात एकाला एवढे मोल आहे, तो विषय ‘पाठ कर’ म्हणून उरकण्यासारखा खचित नाही. येत्या सुट्टीत कोणाच्या मुलाने विचारले, की ४एस आधी भरले तर आधी रिकामे का होते, तर त्याला ओसरी आणि माजघर दाखवा. फ्लॅटात ओसरी नसेल, तर बाल्कनी आणि आतली खोली चालेल. पण उत्तर द्या.